'येशूच्या नावाने' म्हणजे नेमकं काय: सामान्य विश्वासणाऱ्याचा अधिकार आणि तो वापरायची रीत

मिरज, तासगाव, कराडकडच्या घरसभांमध्ये दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक म्हणतात, "पाळकसाहेब येऊ देत, मग आजाऱ्यावर प्रार्थना करू. आपण साधी माणसं." दुसरी उंबऱ्यातूनच सैतानाला दम भरायला लागतात, आणि त्या आवाजाने आजाऱ्याची झोप मोडते. पहिल्यांना आपल्या हातात काय दिलंय ते ठाऊक नसतं. दुसऱ्यांना ते कोणी आणि कशासाठी दिलं, याचा विसर पडलेला असतो. या लेखात दोघांसाठी रीत सांगितली आहे, आणि ती जिथे बिघडते त्या जागाही दाखवल्या आहेत.

आधी कागद वाचा

पुण्याला नोकरीला असलेला भाऊ गावातल्या भावाला जमिनीचं मुखत्यारपत्र करून देतो. मग गावातल्या भावाची सही कचेरीत चालते, पण कागदात लिहिलेल्या कामापुरतीच. जमीन कसायचं मुखत्यारपत्र असेल तर ती विकता येत नाही. मुखत्याराला हिशोब द्यावा लागतो. आणि कागद करून देणारा वारला, तर सर्वसाधारणपणे कागदही संपतो.

'येशूच्या नावाने' हे शब्द याच जातीचे आहेत. ते प्रार्थनेच्या शेवटी लावायचं शेपूट नव्हे. 'हे मी त्याच्या वतीने, त्याने नेमून दिलेल्या कामापुरतं करतो आहे,' असा त्यांचा अर्थ. मत्तय २८:१८ मध्ये 'स्वर्गात व पृथ्वीवर सर्व अधिकार' मिळाल्याचं येशू सांगतो ते पुनरुत्थानानंतर. मालक जिवंत आहे, म्हणून कागद चालतो.

ग्रीक नव्या करारात दोन वेगळे शब्द आहेत: 'एक्सूसिया' म्हणजे अधिकार आणि 'डुनामिस' म्हणजे सामर्थ्य. लूक ९:१ मध्ये बारा शिष्यांना दोन्ही दिल्याचं लिहिलं आहे. फरक समजायला उसाचा फड पाहा. कारखान्याच्या चिटबॉयच्या मनगटात फार जोर नसतो, पण त्याच्या चिठ्ठीवर तोडीची टोळी फडात उतरते. चिठ्ठी म्हणजे अधिकार, कोयता चालतो ते सामर्थ्य. विश्वासणाऱ्याकडे चिठ्ठी असते, कोयता पवित्र आत्म्याचा. घसा फोडून ओरडणारा माणूस बहुतेक वेळा चिठ्ठीलाच कोयता समजलेला असतो.

वाचन या क्रमाने करा. आठवडाभर, रोज एक उतारा, दोनदा मोठ्याने. पहिला योहान १:१२. तिथे हाच 'एक्सूसिया' शब्द आहे आणि अधिकार आहे तो देवाची मुलं होण्याचा. भुतं काढण्याचा विषय त्याच्या नंतरचा. मग इफिस १:१९ ते २:६, कलस्सै २:१३-१५, लूक १०:१-२०, याकोब ४:६-१०, १ पेत्र ५:५-९ आणि शेवटी इफिस ६:१०-१८.

यात लूकच्या दहाव्या अध्यायावर जरा रेंगाळा. बारा प्रेषितांखेरीज आणखी सत्तर जणांना (काही हस्तलिखितांत बहात्तर) दोघा-दोघांनी पाठवलं. त्यांच्यापैकी एकाचंही नाव लूकने दिलेलं नाही. भुतं आम्हाला वश होतात म्हणून ते हर्षाने परत आले, तर येशू म्हणाला, त्याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. सामान्य माणसाच्या अधिकाराचा सगळ्यात भक्कम पुरावा हा निनावी सत्तरांचाच आहे.

एक सावधगिरी. मार्क १६:१७-१८ पुष्कळदा पाठ म्हटलं जातं: सर्प उचलतील, प्राणघातक काही प्याले तरी बाधणार नाही. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या जुन्या हस्तलिखितांत मार्कचं शुभवर्तमान १६:८ ला थांबतं. त्यामुळे एखादी शिकवण फक्त या दोन वचनांवर उभी करू नये. जे लागतं ते लूक, याकोब आणि इफिसच्या पत्रात पुरेसं आहे.

कागदात काय आहे, काय नाही

आहे ते असं: कृपेच्या राजासनाजवळ थेट जाणं (इब्री ४:१६), मोहाला आणि सैतानाला अडवणं, शुभवर्तमान आणि पापक्षमा जाहीर करणं, आजाऱ्यासाठी प्रार्थना करणं, आणि मंडळीत एकमेकांना सावरणं.

दुसऱ्याच्या मनावर हुकूम चालवणं यात नाही. सुनेने ऐकावं, सोयरीक जुळावी, शेजाऱ्याने बांध सोडावा, यासाठी 'आज्ञा' करता येत नाही, विनंती करता येते. शापही यात नाही. शोमरोनी गावाने उतरू दिलं नाही म्हणून याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडायला निघाले, तेव्हा येशूने त्यांनाच धमकावलं (लूक ९:५४-५५). आणि प्रत्येक आजार हटेलच अशी हमीही नाही. प्रेषित पौल आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून पुढे गेला (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याच्या पोटासाठी त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवलं आणि काटा राहिला. पौलाच्या विश्वासात खोट होती, असं म्हणायला कोणी धजावणार नाही. मग कुपवाडच्या एखाद्या विधवेच्या विश्वासात ती का शोधायची?

पहिली पायरी: खाली उभे राहा

याकोब ४:७ मध्ये दोन क्रियापदं आहेत आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही: 'देवाच्या अधीन व्हा' आधी, 'सैतानाला अडवा' नंतर. लोक दुसऱ्यापासून सुरू करतात आणि मग काहीच हलत नाही म्हणून चक्रावतात. कफर्णहूमच्या शताधिपतीला हे बरोबर उमगलं होतं. "मीही ताबेदार माणूस आहे," असं तो आधी म्हणतो, आणि मग आपल्या हाताखालच्या शिपायांबद्दल बोलतो (मत्तय ८:९).

करायचं असं. रात्री जेवणं झाल्यावर पंधरा मिनिटं, एक वही, तीन प्रश्न. कोणाला क्षमा करायची राहिली आहे (मार्क ११:२५)? कोणतं पाप झाकून ठेवलं आहे? देवाने सांगितलेलं कोणतं काम टाळतो आहे? उत्तर ठोस लिहा. 'माझ्यात अहंकार आहे' हे उत्तर फार सोयीचं असतं. 'किराणा दुकानदाराचे साडेचारशे रुपये तीन महिने थकवलेत आणि त्याला चुकवून मागच्या गल्लीने जातो,' हे उत्तर कामाचं. दुसऱ्या दिवशी ते पैसे द्या. हा हिशोब आठ-दहा दिवस चालू द्या, मग पुढच्या पायरीला या.

दुसरी पायरी: वचन हाताशी ठेवा

रानात येशूची तीनदा परीक्षा झाली, आणि तिन्ही उत्तरं त्याने जुन्या करारातल्या 'अनुवाद' या एकाच पुस्तकातून दिली. प्रत्येक उत्तर एखाद्या वाक्याचं. भाकरीचा मोह होता तेव्हा भाकरीबद्दलचंच वचन. म्हणून आपल्या नेहमीच्या तीन कमजोर जागा लिहून काढा, प्रत्येकीसाठी एक वचन शोधा, आणि ते आधीचा व पुढचा भाग धरून वाचून मग पाठ करा. रागासाठी याकोब १:१९-२०, भीतीसाठी २ तीमथ्य १:७, व्यसनासाठी १ करिंथ १०:१३. तीस वचनं अर्धवट माहीत असण्यापेक्षा तीन तोंडपाठ असणं बरं.

लक्षात ठेवा, सैतानानेही तिथे वचनच फेकलं होतं, स्तोत्र ९१ मधलं. म्हणून मोबाइलवर रोज सकाळी येणाऱ्या फुलाच्या चित्रावरच्या एका ओळीवर निर्णय घेऊ नका.

तिसरी पायरी: बोलण्याची ठेवण

प्रार्थनेचे तीन भाग ठेवा. सुरुवात पित्याशी: "बापा, मी तुझा आहे, प्रभू येशूच्या रक्ताने विकत घेतलेला." मग गरज असेल तर वाईटाला एकच नकार: "येशूच्या नावाने मी या भीतीला जागा देत नाही." मग उपकारस्तुती. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. फिलिप्पैत पौल त्या दासीतल्या आत्म्याला जे म्हणाला (कृत्ये १६:१८) ते एका वाक्यात संपतं. तेच वाक्य चाळीस वेळा म्हटल्याने त्याचं वजन वाढत नाही. ती बडबड झाली, आणि मत्तय ६:७ मध्ये तिच्याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे.

सैतानाशी लांबलचक बोलणं, त्याला शिव्या देणं, टिंगल करणं सोडा. मीखाएलासारख्या आद्यदेवदूतानेही त्याची निंदा केली नाही, "प्रभू तुला धमकावो" एवढंच तो म्हणाला (यहूदा ९). ज्या प्रार्थनेत देवापेक्षा सैतानाचं नाव जास्त वेळा येतं, ती तपासून पाहावी.

आजाऱ्यापाशी

सगळ्यात जास्त काम इथे पडतं आणि चुकाही इथेच जास्त होतात, म्हणून बारकाव्याने.

जाण्याआधी फोन करून घरच्यांना विचारा. दोघं किंवा तिघं जा, पंधरा नव्हे. आजारी बाई असेल तर सोबत एक तरी भगिनी हवीच. हात धुवा. क्षयरोगाचा किंवा नुकतं ऑपरेशन झालेला रुग्ण असेल तर मास्क लावा. आत गेल्यावर आधी बसा आणि ऐका: काय दुखतं, केव्हापासून, डॉक्टर कोण, गोळ्या कोणत्या. पाच-सहा वचनं वाचा, अख्खा अध्याय नको. याकोब ५:१४-१६ प्रमाणे तेल लावायचं असेल तर मंडळीच्या वडिलांपैकी (म्हणजे जबाबदार ज्येष्ठांपैकी) कोणी सोबत असावं, कारण तिथे वडिलांना बोलवायला सांगितलं आहे. तेल घरातलं स्वच्छ खोबरेल चालतं. कपाळावर बोटाने एक थेंब. 'अभिषिक्त' म्हणून विकली जाणारी बाटली आणू नका. तुम्हाला फुकट मिळालं, फुकट द्या, हा नियम मत्तय १०:८ चा आहे.

हात ठेवण्याआधी "हात ठेवू का?" असं विचारा. डोक्यावर किंवा खांद्यावर, हलका. दुखऱ्या जागेवर दाबायचं नाही. दोन मिनिटं प्रार्थना, मग थांबून विचारा, "आता कसं वाटतंय?" यात अविश्वास नाही. बेथसैदाच्या आंधळ्याला येशूने स्वतः विचारलं, "तुला काही दिसतं काय?" तो म्हणाला, माणसं झाडांसारखी दिसतात, तेव्हा येशूने पुन्हा हात ठेवले (मार्क ८:२२-२५). फरक नसेल तर पुन्हा एकदा प्रार्थना करा, आणि मग थांबा. वीस मिनिटांत घराबाहेर.

"तुम्ही बरे झालात, गोळ्या बंद करा," हे वाक्य कधीही, कोणालाही म्हणू नका. साखर, रक्तदाब, फिट्स, मानसिक आजार यांच्या गोळ्या अचानक थांबल्या तर जीवावर बेततं. क्षयाचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. तो दोन महिन्यांत 'बरं वाटतंय' म्हणून सोडला की औषधांना दाद न देणारा क्षय होऊ शकतो, आणि तो घरातल्या नातवंडांपर्यंत जातो. येशूनेही शुद्ध झालेल्या कुष्ठरोग्याला तपासणीसाठी याजकाकडे धाडलं (मार्क १:४४). आजचा याजक म्हणजे लॅबचा रिपोर्ट. लूक स्वतः वैद्य होता (कलस्सै ४:१४). मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशन दवाखाना उभारला, तो प्रार्थना कमी पडली म्हणून नव्हे. सांगली जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाला प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत भांडण लावायला तर काही कारणच नाही.

आजाऱ्याच्या घरी दानपेटी, पावतीपुस्तक, फोटो, काही नको. तीन दिवसांनी पुन्हा जा, आणि जाताना डबा घेऊन जा.

साप आणि विंचू

लूक १०:१९ मध्ये साप-विंचू तुडवण्याचा अधिकार आहे, आणि नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या बत्तीस शिराळ्याच्या जिल्ह्यात हे वचन कोणी शब्दशः घेईल ही भीती अगदीच पोकळ नाही. त्या वाक्यात 'शत्रूच्या सर्व सामर्थ्यावर' असे शब्द पाठोपाठ येतात, विषय तिथे सैतानाचा आहे. मिलिता बेटावर पौलाला साप डसला तो काटक्या गोळा करून शेकोटीत घालताना (कृत्ये २८:३). तो साप शोधायला गेला नव्हता. मुद्दाम साप धरणं म्हणजे मंदिराच्या शिखरावरून उडी टाकणं, जे सैतानाने येशूला करायला सांगितलं आणि त्याने नाकारलं.

उसाच्या फडात कोणाला डसलाच, तर प्रार्थना गाडीत करा. माणसाला चालवू नका, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, अंगठी आणि बांगड्या काढा. करकचून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. १०८ ला फोन लावा आणि प्रतिविष मिळेल त्या सरकारी रुग्णालयात थेट न्या.

'अंगात आलंय' असा निरोप आला तर

मत्तय ४:२४ मध्ये भूतग्रस्त आणि फेफरेकरी ही दोन नावं वेगवेगळी लिहिली आहेत. शास्त्र जो फरक करतं तो आपण पुसू नये. झटके येत असतील तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर १०८. माणूस असंबद्ध बोलत असेल, झोपत नसेल, जीव द्यायचं बोलत असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं, आणि डॉक्टरची भेट आधी. तपासणीच्या आधी 'भूत' हा शब्द तोंडातून काढू नका. एकदा तो वाड्यात पसरला की त्या पोरीचं लग्न अवघड होऊन बसतं.

बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, उपाशी ठेवणं हे पाप आहेच आणि गुन्हाही आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला. त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवणंही त्यात येतं. 'आम्ही येशूच्या नावाने केलं' हा बचाव कोर्टात चालत नाही, आणि त्या नावाला तो शोभतही नाही.

हे सगळं पार पडल्यावर, घरच्यांची आणि त्या व्यक्तीची संमती घेऊन, मंडळीचे वडील सोबत असतील तरच प्रार्थनेला बसा. तिघं, उजेडाची खोली, दार उघडं, मोबाइल बंद. 'तुझं नाव काय, कुठून आलास' अशी चौकशी करत बसू नका. येशूने कफर्णहूमच्या सभास्थानात "गप्प राहा" म्हटलं (मार्क १:२५), आपणही तेवढ्यावरच राहावं. अर्ध्या तासात थांबा. पौलाने त्या दासीच्या बाबतीत पुष्कळ दिवस वाट पाहिली होती, तेव्हा आज रात्रीच उरकायला हवं असं काही नाही. नंतर पाणी द्या, खायला द्या, झोपू द्या. याइराची मुलगी उठल्यावर येशूनेही सांगितलं, तिला खायला द्या (मार्क ५:४३). त्यापुढचे महिने खरे कष्टाचे: घर झाडून रिकामं ठेवलं तर काय होतं ते लूक ११:२४-२६ मध्ये आहे. रोजची संगती, वाचन आणि कामधंदा यांनी ते घर भरावं लागतं.

बांधणं आणि सोडणं

मत्तय १८:१८ चं 'जे काही तुम्ही बांधाल' हे वचन सैतानाला बांधण्यासाठी सर्रास वापरलं जातं. मागची तीन वचनं वाचा: विषय भावाच्या अपराधाचा आहे. यहुदी धर्मशिक्षकांच्या बोलीत 'बांधणं' म्हणजे मना करणं आणि 'सोडणं' म्हणजे मोकळीक देणं. म्हणजे इथला अधिकार मंडळीतला तंटा मिटवण्याचा आहे. रीतही तिथेच लिहिली आहे: आधी एकट्याने, एकांतात जा. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा. मग मंडळीला सांगा. पहिली पायरी गाळून थेट मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घालणं हा आजचा सगळ्यात मोठा बिघाड आहे. 'दोघे किंवा तिघे जमले' हे वचनही याच तंट्याच्या संदर्भात येतं, कमी हजेरीच्या उपासनेची समजूत काढायला ते दिलेलं नाही.

हा अधिकार पाडण्यासाठी नाही, बांधणीसाठी आहे, असं पौल करिंथकरांना एकाच पत्रात दोनदा लिहितो (२ करिंथ १०:८ आणि १३:१०). जो सेवक 'अभिषिक्ताला हात लावू नका' म्हणत जमाखर्च दाखवायला नकार देतो, त्याने ही दोन वचनं टाळलेली असतात. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये पगारी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघंही ख्रिस्तभक्त त्यात भाऊ म्हणून यायचे. दरबार देवाचा, हे नावातच होतं. बायकांनी हा अधिकार वापरण्याबाबत कुरकुर निघाली तर अपुल्लोस या उपदेशकाला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावणाऱ्या जोडप्यात प्रिस्किल्ला ही बाई होती, हे दाखवा (कृत्ये १८:२६).

उसनं नाव, विकत घेतलेलं नाव

इफिसात स्किवाचे सात मुलगे "पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची शपथ" असं म्हणून भुतं काढायला गेले. येशूशी स्वतःची ओळख नाही, पौलाची ऐकीव. उघडे आणि घायाळ होऊन पळाले (कृत्ये १९:१३-१६). आज 'अमुक ब्रदर जसं म्हणतात तसं' हुबेहूब त्याच आवाजात, त्याच हिंदी-मराठी मिश्रणात म्हणणं हाच प्रकार. शोमरोनातल्या शिमोनाने तर पैसे पुढे केले (कृत्ये ८:१८-२०), आणि पेत्राने ते पैसे त्याच्यासकट धिक्कारले. रुमाल, तेल, पाणी विकणारे आणि विकत घेणारे दोघंही त्याच ओळीत बसतात. गळ्यातला गंडा काढून त्या जागी क्रूस बांधला आणि भीती तीच राहिली, तर फक्त दोरा बदलला.

हिशोब

सत्तर जण परत आले आणि घडलेलं सांगितलं. मुखत्याराला हे चुकत नाही. घरसभेसाठी एक दोनशे पानी वही करा आणि चार रकाने आखा: तारीख, व्यक्तीच्या नावाचं आद्याक्षर, काय मागितलं, काय झालं. शेवटचा रकाना महिन्यानंतर भरा, त्याच रात्री नाही. 'फरक नाही' आणि 'वारले' हेही तिथे लिहा. वही प्रार्थना करणाऱ्याकडे ठेवू नका, दुसऱ्या कोणाकडे तरी द्या, आणि तीन महिन्यांतून एकदा ती पाळक आणि वडिलांसमोर उघडा.